टॅव्हेरस लॅमकिनचा गुडघा

वर्लिन स्टकी माणसं पाठमोरी ओळखायचा. तोंड विसरेल, नाव विसरेल, पण एकदा कुणाच्या मांड्या आणि चाल डोळ्यांत बसली की ती जन्मभर. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरायची, तेव्हा बाकीची मंडळी मान खाली घालून आपल्या पापांचा विचार करायची आणि हा मान वाकडी करून थाळी फिरवणाऱ्यांच्या पोटऱ्या न्याहाळायचा.

"तो डावीकडचा बुटका बघ," तो बायकोच्या कानाशी लागायचा. "तरुणपणी माझ्या हाती लागला असता ना..."

"देवाच्या घरात तरी लोकांची ढुंगणं जोखू नकोस," ओपल ओठ न हलवता म्हणायची, आणि पुढच्या बाकावरच्या बायका स्तोत्रांचं पुस्तक तोंडावर धरून हसायच्या.

पण त्याचं पोट ह्या नजरेवरच होतं. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी तो रनिंग बॅक हुडकायचा, म्हणजे चेंडू काखोटीला मारून समोरच्या आडदांडांच्या भिंतीत मुंडी घालणारे गडी. दर वसंतात ड्राफ्ट भरतो. सगळे संघ आपापल्या पाळीनं कॉलेजातली पोरं उचलतात. पहिल्या पाळ्यांना साय, शेवटच्यांना खरवड. जो पोरगा जितका खाली घसरेल तितका त्याचा मान कमी आणि मानधनही कमी.

आपल्याकडे मुलीला "जरा चालून दाखव" म्हणत, त्याला आता आपण नावं ठेवतो. इथं पोराला चड्डीवर उभं करतात, पंजा वीतभर पट्टीवर ताणून मोजतात, चाळीस यार्ड पळवतात, आणि टोप्या घातलेले वीसेक प्रौढ पुरुष घड्याळाच्या खटक्यावर अंगठा ठेवून श्वास रोखून उभे राहतात. धाव संपली की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावतो. मग सगळ्यांचे आकडे हळूहळू एक होतात. ह्याला ते शास्त्र म्हणतात.

वर्लिनच्या अहवालांतही असंच शास्त्र असे. "कमरेत जोर आहे." "डोळ्यांत भूक आहे." ही भूक त्याला दरवर्षी कुणा ना कुणाच्या डोळ्यांत दिसायची. त्यातल्या एकाची इतकी खरी निघाली की पहिल्याच हंगामात तो गडी विजारीत मावेनासा झाला. दुसऱ्यानं पाठदुखी सांगून खेळ सोडला आणि गाद्यांचं दुकान काढलं. ते मात्र जोरात चाललं.

म्हणून यंदा साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. साहेब म्हणजे कॉर्बिन हेल, वर्लिनच्या मुलाच्या वयाचा, पण संघाचा सगळा कारभार त्याच्या हाती.

"तुमचा एक तरी गडी मैदानावर पळताना मला दिसू दे, वर्लिन," तो गोड आवाजात म्हणाला. "नाहीतर तुम्ही मोकळे. टोमॅटो छान लावता म्हणे तुम्ही."

वर्लिनला टोमॅटोचा राग नव्हता. पण ज्याच्यासाठी आयुष्यभर मोटेलच्या गाद्यांवर पाठ मोडली, त्या कामात "हा माझा" म्हणावा असा एकही नसताना घरी बसायचं, हे त्याला सोसवेना.

आणि खरोखर त्या वर्षी त्याला माणिक सापडलं. मिसिसिपीतलं आडबाजूचं कॉलेज, मैदानाच्या कुंपणापलीकडे कापसाची शेतं, आणि त्या मैदानावर टॅव्हेरस लॅमकिन नावाचा अबोल पोरगा. त्याला धरायला गेलेल्या माणसाच्या हातात फक्त वारा यायचा. वर्लिन त्याच्या घरी गेला. आई अर्नेस्टीनबाई शाळेत स्वयंपाक करणाऱ्या. त्यांनी तळलेला मासा, वाल आणि मक्याची भाकरी वाढली. वर्लिननं लाजेकाजेस्तव एकदा नको म्हटलं आणि मग तीनदा घेतलं.

"माझ्या लेकाबद्दल खरं ते सांगाल ना तुमच्या लोकांना?" बाईंनी विचारलं. "जास्त नको. आहे तेवढंच."

"बाई, तुमच्या ताटाची शपथ," वर्लिन म्हणाला.

शपथ त्यानं पाळली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ह्या धंद्यात एक चाल आहे. ड्राफ्टच्या आधीचे आठवडे हे खोटं बोलण्याचे. जो पोरगा हवा, त्याची चारचौघांत निंदा करायची; जो नको, त्याची आरती ओवाळायची. म्हणजे दुसरा फसेल. दुसराही हेच करत असतो, हे सगळ्यांना माहीत. तरी सगळे करतात. एरवी जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानणारी माणसं, पण ह्या आठवड्यांत खोटी साक्ष देऊ नको ही देवाची आज्ञा जणू सुटीवर जाते. आणि वर्लिनला पोरं पारखण्यापेक्षा आपल्या थापांचा अभिमान जास्त होता.

त्यानं आधी साहेबांना जाऊन सांगितलं, "लॅमकिनला टोलेडोत बोलावू नका. आपला डॉक्टरही पाठवू नका. नुसता वास लागला तरी इतर संघ धावून येतील. चौथ्या पाळीपर्यंत तो आपल्यासाठी आपसूक खाली येतो." साहेबांना हे पटलं. देशभरातल्या नामांकित पोरांची तपासणी इंडियानापोलिसला होते, तिथंही लॅमकिनला बोलावणं नव्हतंच. म्हणजे त्याच्या अंगाला कुठल्याच डॉक्टरचा हात लागला नव्हता.

मग तो डॉयल पेटिग्रूला गाठायला गेला. डॉयल दुसऱ्या संघाचा पारखी, जुना मित्र आणि जुना चोर. अलाबामातल्या एका खाणावळीत दोघं सकाळी समोरासमोर बसले. टेबलावर पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यांवर ओतायची पांढरी ग्रेव्ही होती.

"तो लॅमकिन कसा वाटला रे तुला?" डॉयलनं तोंडात घास असताना विचारलं.

वर्लिननं मोठा सुस्कारा सोडला. "गुणी पोर. पण नशीब फुटकं."

"का, काय झालं?"

"उजवा गुडघा. जुन्या फाटकासारखा करकरतो. मेम्फिसला कुणी डॉक्टर आहे, तो मागच्या दारानं बोलावून त्यातलं पाणी काढतो. आईला बिचारीला पत्ता नाही."

"अरेरे," डॉयल म्हणाला आणि ग्रेव्ही पुसून घेतली. "मेम्फिस म्हणालास ना?"

"मी तुला काही बोललो नाही बरं का, लेका."

"छे. मी काही ऐकलंच नाही."

घरी आल्यावर वर्लिननं ही थाप ओपलला रंगवून सांगितली. मागचं दार कसं सुचलं ते दोनदा सांगितलं. ओपल बटाटे सोलत होती.

"ज्या बाईच्या हातचं जेवलास, तिच्याच पोराला लंगडा केलास?"

"अगं, त्याच्याच भल्यासाठी. खाली आला की आम्हीच उचलणार."

"देवानं धडधाकट दिलेला गुडघा तू बिघडवलास, तो दुरुस्त कोण करणार?"

"तुला ह्यातलं कळत नाही."

"बरं झालं, नाही कळत," ओपल म्हणाली आणि बटाट्याचा डोळा सुरीनं उकरून काढला.

ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात शेवटची बैठक भरली. भिंतीवर नावांच्या पट्ट्या ओळीनं लावलेल्या. लॅमकिनची पट्टी चौथ्या रांगेत, वर्लिनच्या डोळ्यांसमोर. साहेब उठले आणि त्यांनी ती पट्टी काढून टेबलावर पालथी ठेवली.

"हा बाद. गुडघा गेलाय."

वर्लिनला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कुणाचा?"

"लॅमकिनचा. तीन वेगवेगळ्या संघांकडून कळलंय मला. तिघांची एकमेकांशी गाठ नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्यात, मेम्फिसला. चोरून. ओकॉनेल नावाचा डॉक्टर आहे."

आपण सोडलेलं कोकरू डोंगरातून शिंगं फुटून परत आलेलं वर्लिननं ओळखलं. पाणी काढण्याची आता शस्त्रक्रिया झाली होती, एकाच्या दोन झाल्या होत्या. डॉक्टरचं तर बारसंही उरकलं होतं.

"साहेब, गुडघा ठणठणीत आहे. मी पाहिलाय."

"तुम्ही बाहेरून पाहिलात."

"मग आपला डॉक्टर पाठवा."

"आता? पाठवू नका म्हणून तुम्हीच सांगितलंत, वर्लिन. आता वेळ कुठे आहे?"

गप्प बसावं की बोलावं? संघाच्या यादीतल्या पोरांबद्दल बाहेर बोलताना सापडेल त्याची नोकरी गेली, असा नियम होता. बोललं तर आपण घरी, न बोललं तर पोरगा घरी. वर्लिननं पेन्सिलीचं टोक चावलं. त्याला वालाची चव आठवली.

"ती गोष्ट मी उठवली," तो म्हणाला. "गुडघा, मेम्फिस, मागचं दार, सगळं. डॉयल पेटिग्रूला सांगितलं, त्यानं पोरगा सोडावा म्हणून. असला डॉक्टरच नाहीये."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही, चक्क माया होती.

"तुमचा जीव जडलाय त्याच्यावर. समजू शकतो मी. ह्या टेबलावर आपल्या गड्यासाठी काय काय बोलतात लोक. गेल्या वर्षी एक जण रडला होता." मग बाकीच्यांकडे वळून, "पण तीन संघ एक सांगताहेत आणि आपला माणूस दुसरं. मी कुणाचं ऐकू?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. वर्लिनची थाप सगळ्या देशात खपली, आणि सत्य स्वतःच्या खोलीत कुणी फुकटही घेईना. जन्मात पहिल्यांदा तो त्या टेबलाशी खरं बोलला होता आणि ते ऐकायची तिथं कुणाला सवय नव्हती.

ड्राफ्टमध्ये पाळ्यांमागून पाळ्या गेल्या. अर्नेस्टीनबाईंच्या घरी सगळं गोत जमलेलं, टेबलावर मासा थंड होत चाललेला. अगदी शेवटच्या पाळीत, खरवडीतसुद्धा काही उरलं नसताना, एका संघानं टॅव्हेरसचं नाव घेतलं. तो डॉयल पेटिग्रूचा संघ होता.

संध्याकाळी डॉयलचा फोन आला. आवाजात लोणी.

"थाप झकास होती, गड्या. मी गावभर वाटली. प्रत्येकाला थोडी वाढवून."

"तुला पटली नव्हती?"

"तुला जो पोरगा खरंच नको असतो ना, त्याच्याबद्दल तू एका वाक्यात उरकतोस. ह्याला तू डॉक्टर दिलास, गाव दिलं, मागचं दार दिलंस. एवढं प्रेम कोण करतं रे परक्या गुडघ्यावर?"

मे महिन्यात साहेबांनी वर्लिनला निरोप दिला. बाहेर बोलला म्हणून नाही. ते तर त्यांनी मानलंच नव्हतं. मेम्फिसच्या डॉक्टरचा पत्ता तीन संघांना लागला आणि आपल्या माणसाला लागला नाही, हे कारण दिलं. जाताना भेट म्हणून टोमॅटोची रोपं दिली.

त्याच आठवड्यात अर्नेस्टीनबाईंचा फोन आला. वर्लिन स्वयंपाकघरात उभा होता, ओपल पलीकडे.

"तुम्ही माझ्या घरी जेवलात, म्हणून तुम्हाला विचारते," बाई म्हणाल्या. "माझ्या लेकाचा गुडघा आजवर एकाही डॉक्टरनं पाहिला नाही. मग हे उठवलं कुणी?"

वर्लिननं ओपलकडे पाहिलं. ती फडक्याला हात पुसत राहिली.

"मी," तो म्हणाला.

पलीकडची पंख्याची घरघर बाईंनी बंद केली.

"हं," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय तर खरंच असणार." आणि त्यांनी फोन ठेवला. साहेबांना जे पटलं नाही, ते बाईंना लगेच पटलं.

शरद ऋतू आला. टोमॅटो उदंड झाले. ओपलनं सॉसच्या बाटल्या भरून भरून शेजारी वाटल्या. एका रविवारी दुपारी, चर्चहून आल्यावर, टीव्हीवर डॉयलच्या संघाचा सामना लागला होता. चेंडू टॅव्हेरसच्या हाती आला. तो भिंतीत शिरला, कुणालाही न लागता पलीकडून निघाला, आणि मैदानाच्या टोकापर्यंत एकटा पळत गेला. वर्लिन खुर्चीतून अर्धा उठला. हा त्याचा होता, जन्मातला एकुलता एक, परक्यांच्या कपड्यांत.

टॅव्हेरसनं चेंडू खाली ठेवला, वाकला, उजवा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला आणि घट्ट बांधलेला पट्टा पुन्हा आवळला. पुढच्या धावेनंतरही तेच. त्याच्या पुढच्या धावेनंतरही.

"दुखतोय का रे त्याचा?" ओपलनं विचारलं.

"नाही," वर्लिन म्हणाला.

"मग असं काय करतो?"

"सगळ्यांनी सांगितलंय ना त्याला."

पडद्यावर पोरगा लंगडत नव्हता, फक्त दर वेळी खाली वाकून बघत होता.