एकशे तीस अधिक तीस

"हे बरं तुलाच सापडलं! सवलत कुठे मिळते ते तुम्हा लोकांना बरोबर कळतं हां."

असं केदारदादा म्हणाला. रविवारी सकाळी, झूमवर, आठ मराठी माणसांसमोर. दोघं मोठ्याने हसले. बाकीचे म्यूटवर होते, पण त्यांचेही खांदे हलताना दिसले. आणि मी? मीपण हसले. ते सगळ्यात वाईट.

थांबा, नीट सांगते, फार भराभर टाइप करतेय.

२०२१ चा फेब्रुवारी. डब्लिनमध्ये लॉकडाऊन, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मी छत्तीस वर्षांची, मूळची नागपूरची, इथल्याच चेरीवूड भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला. बारा वर्षं सपोर्टच. दुसऱ्यांनी बांधायचं, बिघडलं की मी निस्तरायचं. मॅनेजरला म्हटलं, मला सिस्टिम आखणाऱ्या आर्किटेक्ट टीममध्ये जायचंय. तर म्हणाला, "आह, यू'र ग्रँड व्हेअर यू आर." मी बावळट, थँक यू म्हणाले! वाटलं कौतुक करतोय. नंतर कळलं, इथे ग्रँड म्हणजे राहू दे, आहे ते बरंय.

मग मीच शोधलं. एप्रिलमध्ये त्या टीमची जागा निघणार होती आणि तिला क्लाउडचं सर्टिफिकेट हवंच होतं. ह्या वयात ही एक जागा हुकली की मी जन्मभर सपोर्टला, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मराठी स्टडी ग्रुपमध्ये शिरले. ग्रुप केदारदादाचा. पुण्याचा, आमच्यात सीनियर. शिकवतो छान, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "पूर्ण नाव काय गं तुझं?" मी आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाला. मग जरा थांबून पुन्हा, "अच्छा."

तो दुसरा अच्छा मला ओळखीचा आहे. कॉलेजात हजेरीच्या वहीत आम्हा स्कॉलरशिपवाल्यांच्या नावापुढे पेन्सिलीने फुली असायची. सर फुलीपाशी आले की आवाज बदलायचा. तसाच.

त्या रविवारी मी सांगितलं ते एवढंच होतं की इंग्रजी मातृभाषा नसेल तर परीक्षेला अर्धा तास जास्त मिळतो. एकशे तीस मिनिटांची एकशे साठ होतात. बुकिंगच्या आधी एक फॉर्म भरायचा, बस. मला इतका आनंद झालेला! अरे, सगळ्यांनाच मिळणार होता ना तो, आपण सगळेच मराठी! मी धावत बातमी घेऊन आले आणि ती त्याने माझ्याच तोंडावर फेकली.

मी फॉर्म भरला नाही. दाखवतेच म्हटलं ह्याला.

परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. नवरा लेकीला घेऊन समुद्रावर गेला. प्रश्न म्हणजे एकेक अर्ध्या पानाचा. एका कंपनीला हे हवं, ते नको, मग काय कराल. मी असं काही वाचते ना, तर आधी मनात मराठी करते. काय पाहिजे गं बाई ह्या कंपनीला? कशाला घाबरतेय ही? मग उत्तर दिसतं. शाळेपासून असंच शिकलेय. पण त्या वेळी माझे ओठ हलतात, हे मला माहीतच नव्हतं! कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या परीक्षकाचा मेसेज आला, "प्लीज डू नॉट मूव्ह युअर लिप्स." ओठ मिटले. दात आवळले. मग मराठी होईना आणि इंग्रजी शिरेना. घड्याळ उलटं पळतंय. आणि डोक्यात एकच, तुम्हा लोकांना, तुम्हा लोकांना.

शेवटचे सात प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. सात!

नापास.

लेक आली, बुटांत वाळू भरलेली. "डिड यू विन, आई?"

"नाही गं."

"यू'र ग्रँड," म्हणाली आणि केळं खायला पळाली.

त्यानंतर ते झूमवरचं हसणं ऐकू यायला लागलं. भाजी चिरताना. हॉट प्रेसमधून, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातून, टॉवेल काढताना. केदारदादाचं नाही. माझं. बारीक, लाचार, त्यांच्या हसण्यात मिसळून गेलेलं. फोन म्यूट करता येतो, हे करता येत नाही. मी बाथरूमच्या आरशात बघायचं टाळत होते, खरंच सांगते.

पुढच्या रविवारी केदारदादा पास झालेला. सगळ्यांचे लाडूचे इमोजी. मला म्हणाला, "होतं गं असं. परत बस." मग बुकिंग कसं करायचं ते दाखवायला त्याने स्क्रीन शेअर केली, स्वतःचा जुना मेल उघडला. वर तारीख. खाली वेळ. एकशे साठ मिनिटं.

मी दोनदा वाचलं. ह्या वेळी ओठ हलवून वाचलं.

"केदारदादा, एकशे साठ? परीक्षा तर एकशे तीसची आहे."

"अगं, ते... ऑप्शन होता. घेतला."

"तू घेतलास तर ऑप्शन. मी सांगितलं तर सवलत?"

कोणी हसलं नाही. त्याने स्क्रीन बंद केली. "गंमत केली होती गं, किती सीरियस घेतेस!"

"माझी परीक्षा गेली त्या गमतीत. आणि तुम्हा लोकांना म्हणजे कुठल्या लोकांना, ते आज नीट सांग. सगळे ऐकतायत."

नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे म्हणाला. गेला.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो पहिल्यांदा माझ्यावर नव्हता. माझा अर्धा तास त्याने नव्हता घेतला. तो मीच सोडला होता, त्याच्या नजरेत चांगली दिसायला. केदारदादा मात्र पूर्ण वेळ वापरून, आरामात, पास झाला.

त्याच दुपारी फॉर्म भरला. मातृभाषा: मराठी. मंजुरीचा मेल ग्रुपवर टाकला, खाली फॉर्मची लिंक टाकली आणि लिहिलं, हा सगळ्यांचा हक्क आहे, ज्याला हवा त्याने घ्या. लपवून घेऊ नका. दोघींनी मला खासगीत थँक यू पाठवलं. मी दोघींना उत्तर दिलं, ग्रुपवर लिहा.

अजून लिहिलेलं नाही कोणी. नसू दे.

परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कोणी चालत नाही, असा नियम आहे. मागच्या वेळी मी तो मोडला होता, मनातल्या केदारदादाला शेजारी बसवून पेपर दिला होता. गुरुवारी दहाला परत बसतेय. पास होईन की नाही, माहीत नाही. पण खोलीत मी एकटी असेन, दाराला आतून कडी असेल, आणि शेवटचं मिनिट संपेपर्यंत मी उठणार नाही.