रिकामा दोर

पुण्यात असताना रांगेत घुसणाऱ्यांशी भांडणं हा माझा जवळजवळ जोडधंदा होता. गॅसचं ऑफिस असो, पोस्ट असो, नाटकाचं तिकीट असो, ‘अहो, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत का?’ हे वाक्य माझ्या तोंडून निघाल्याशिवाय काम व्हायचं नाही. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला आले आणि इथली माणसं बस स्टॉपवरसुद्धा एकामागे एक शहाण्यासारखी उभी राहतात हे पाहून मला अगदी भरून आलं होतं. मुलीला मी बाकी काय शिकवलं ते देव जाणे, पण एक गोष्ट पक्की शिकवली. आपला नंबर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि कोणी घाईत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. या चांगल्या शिकवणीपायी पोरीची टीममधली जागा जायची वेळ आली, आणि त्याचा राग मला अजूनही येतो.

ही २०११च्या मोठ्या भूकंपाच्या आधीच्या ख्राइस्टचर्चची गोष्ट. मुलगी तेरा वर्षांची होती. शाळेच्या सहलीत एकदा स्की पायात अडकवले आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या सुट्टीत, हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, क्लबच्या मुलांचा डोंगरावर सराव-कॅम्प असे, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी कोच त्या वर्षीची टीम जाहीर करी. आदल्या वर्षी ती थोडक्यात राहिली होती. तेव्हा ती रडली नाही, पण स्की बूट पलंगाखाली ढकलून दिले आणि दोन महिने बाहेर काढले नाहीत. या वर्षी पुन्हा तसं झालं असतं तर तिने ते कायमचे टाकून दिले असते, हे मला आई म्हणून स्पष्ट दिसत होतं.

तो क्लब म्हणजे चकचकीत हॉटेलवाला प्रकार नव्हे. सभासदांनीच चालवलेला डोंगर, एक लाकडी लॉज, ओल्या मोज्यांचा वास मारणारी कपडे वाळवायची खोली. मुलं सराव करणार आणि आईबापांनी कामं वाटून घ्यायची, अशी पद्धत. कामं वाटणारी एक आई होती, कायम हसतमुख. तिने मला सगळे दिवस स्वयंपाकघर दिलं. “लास्ट इयर सगळ्यांना तुझी करी खूप आवडली,” म्हणाली. मी दिवसभर ऑफिसात पुलांचे हिशेब करणारी बाई. मला स्टॉपवॉच धरायला द्यायचं तिच्या मनातही आलं नाही. ते एका मुलाच्या बाबांना दिलं होतं, आणि त्या गृहस्थाने ते पहिल्याच सकाळी बर्फात हरवलं. मी मात्र कांदे चिरत होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोराचा पायथा दिसायचा. या डोंगरावर खुर्चीची लिफ्ट नव्हती. खाली एक जुनं डिझेलचं इंजिन, त्यावर सतत वर पळणारा जाड दोर. मुलांनी पळता दोर हातमोज्यांनी पकडायचा, कमरेच्या पट्ट्याला बांधलेला लोखंडी चिमटा त्यावर अडकवायचा आणि दोर ओढेल तसं वर जायचं. त्या वर्षी बर्फ कमी होता, खाली जागोजागी गवत वर आलेलं, त्यामुळे सगळी मुलं एकाच अरुंद पट्ट्यावर सराव करत होती. म्हणजे जो दोर जास्त वेळा पकडेल त्याच्या जास्त फेऱ्या होणार, हे उघड होतं.

आणि माझी मुलगी दोरापाशी नुसती उभी होती.

पहिल्यांदा मला वाटलं, चिमटा बिघडला असेल. मग नीट पाहिलं. ती दोराजवळ यायची, तेवढ्यात बाजूने एक मुलगा सरकत यायचा, आणि ही मागे व्हायची. मग दुसरी मुलगी यायची, ही पुन्हा मागे. हाताने ‘तू जा’ अशी खूणसुद्धा करायची. कांदे करपले तरी मी खिडकीतून हलले नाही. बाकीच्या पोरांच्या दोन-दोन फेऱ्या होईपर्यंत हिची कशीबशी एक व्हायची. पोरं सगळी चांगल्या घरची, शाळेच्या कँटीनमध्ये निमूट रांग लावणारी. इथे मात्र मंडईत आल्यासारखी!

जेवणाच्या सुट्टीत मी एप्रन न काढताच कोचला गाठलं. तिशीही न ओलांडलेला, नाक उन्हाने सोललेला तरुण होता. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, “तुमची मुलगी गोड आहे, पण तिला हे मनापासून हवंय असं दिसत नाही. ती मागे मागे राहते.”

माझं डोकंच फिरलं. “मागे राहते? तुमची पोरं घुसतात म्हणून मागे राहते! रांग का लावत नाही तुम्ही?”

त्याला खरंच कळलं नाही मी काय म्हणतेय ते. “इथे रांग नसते,” तो शांतपणे म्हणाला. “दोर रिकामा जाऊ द्यायचा नाही, एवढाच नियम. समोर जागा दिसली की धरायचा. डिझेल जळत असतं. जो थांबतो तो सगळ्यांनाच थांबवतो. आमच्याकडे तेच उद्धट समजतात.”

“हे तिला कोणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत असतं.”

सगळ्यांना म्हणजे कोणाला? ज्यांच्या आजोबांनी ते इंजिन डोंगरावर चढवलं, ज्यांनी चालायला शिकतानाच तो दोर धरला, त्यांना. पोस्टात रांग, पेट्रोल पंपावर रांग, पोहायच्या तलावावर टॉवेल खांद्यावर टाकून रांग, आणि या एका डोंगरावर मात्र रांगेत उभं राहणारा उद्धट. बरं, नियम असेल तर असो. पण कोणाला न सांगितलेल्या नियमावर तेरा वर्षांच्या पोरीला नापास करायचं आणि वर म्हणायचं, तिला मनापासून नकोय? मी हे सगळं त्याला सुनावलं. तो “फेअर इनफ” म्हणाला आणि सँडविच घेऊन निघून गेला. त्या ‘फेअर इनफ’चा मला इतका संताप आला की संध्याकाळच्या भाजीत मी मीठ दोनदा घातलं.

रात्रीच्या जेवणानंतर मुलगी माझ्याबरोबर ताटं पुसायला आली. पुसता पुसता मी म्हटलं, “उद्या थांबू नकोस. जागा दिसली की घूस.”

मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. “बट यू ऑल्वेज सेड...”

“मला माहितेय मी काय म्हणायचे ते. इथे ते चालत नाही.”

“यू कान्ट जस्ट चेंज इट, मम.” मग हळूच म्हणाली, “दे थिंक आय एम स्लो.”

आपण चांगलं वागतोय आणि त्यामुळेच मागे पडतोय, हे पोरीला आधीपासून कळत होतं. आई काय म्हणेल म्हणून ती गप्प होती. मला त्या डोंगराचा राग आला, कोचचा आला, हसतमुख बाईचा आला, आणि हातातलं ताट मी इतकं घासून पुसलं की तीच म्हणाली, “मम, इट्स ड्राय.”

दुसऱ्या दिवशी, कॅम्पच्या शेवटच्या सकाळी, मी हसतमुख बाईला सांगितलं, आज स्वयंपाक दुसऱ्या कोणाला द्या. तिचं हसू जरा डळमळलं. मी भाड्याचे बूट चढवले, पट्टा बांधला आणि दोरापाशी जाऊन उभी राहिले. शेवटच्या दिवशी पालकांनाही दोर खुला असे. मला स्की यथातथाच यायचं, पण आज खिडकीतून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

दोर समोरून सरसर जात होता. मी चिमटा सरळ केला, हात पुढे केला, आणि डाव्या बाजूने कोणीतरी माझ्या स्कीच्या टोकावरून सफाईने पुढे आलं, दोर धरला आणि गेलंसुद्धा.

“ए! रांग आहे इथे!” मी शुद्ध मराठीत ओरडले. सगळा पायथा वळून बघायला लागला.

ती माझीच मुलगी होती. हेल्मेटमधून तिची वेणी उडत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. वरच्या बाजूला उभा असलेला कोच टाळी वाजवून ओरडला, “दॅट्स मोअर लाइक इट!” तीन वर्षांची असताना बागेत झोपाळ्यावर ती दुसऱ्याच्या आधी चढली म्हणून मी तिला सगळ्यांसमोर रागावले होते. त्याच गोष्टीसाठी हा माणूस टाळी वाजवत होता. संध्याकाळी टीम जाहीर झाली तेव्हा तिचं नाव त्यात होतं. तिला झालेला आनंद पाहून मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या क्षणी, दोरापाशी, माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

तेवढ्यात स्टॉपवॉच हरवणारे गृहस्थ माझ्या उजवीकडून पुढे सरकायला लागले. तोंडावर “सॉरी” होतंच.

मी स्कीची काठी आडवी घातली. “नो. माय टर्न,” म्हटलं, आणि दोर धरला.

हातमोजे भाजले, चिमटा काही केल्या लागेना, दोराने मला चार हात फरफटत नेलं आणि बर्फात आडवं पाडलं. इंजिन थांबवलं गेलं. मागे मुलं, आईबाप, हसतमुख बाई, सगळे खोळंबून उभे राहिले. कोणीतरी “यू ओके?” विचारलं.

मी आधी टोपी नीट केली. मग कोटावरचा बर्फ झटकला. मग सावकाश उठले.