घडी न फोडलेलं पान

भूत, भानामती, अंगात येणं… यातलं मी काहीही मानत नाही. तलासरीत अठरा वर्षं गणित शिकवतेय. आधी सिद्ध करा, मग बोला, हा माझा खाक्या. त्यामुळे हे जे घडलं त्याची मला भीती वाटत नाही, संताप येतो.

माझे बाबा कासाजवळच्या एका पाड्यावर मास्तर होते. एका गणिताच्या त्रैमासिकात त्यांची सिद्धता छापून आली, पण अंक त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. हेडमास्तरांना मात्र तो कुठेतरी दिसला आणि ते भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मास्तर, चौथी पायरीच चुकलीय की तुमची!" बाबा सांगत राहिले, "मी अधिक लिहिलं होतं, छापणाऱ्याने वजा केलं." कोण ऐकतंय! 'वजा मास्तर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हा सांत्वनाला आलेला एक जण म्हणाला, "वजा मास्तर गेले म्हणे…" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठरवलं, अंक शोधायचाच. इंटरनेटवर त्याचं नावसुद्धा नाही. डहाणूतली रद्दीची दुकानं पालथी घातली. शेवटी कोसबाडच्या बाजूला एका जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर तो मिळाला.

"बेन, याला आजवर कोणी हात नाय लावला," ग्रंथपाल धूळ झटकत म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

खरंच होतं. पूर्वी काही अंकांची पानं कडेला जोडलेलीच यायची, वाचणाऱ्याने ती कापायची. बाबांचा लेख होता ती पानं वरून आणि बाजूने, दोन्हीकडून बंद होती. मला कुठला दम निघतोय! पट्टी घातली आणि टरकन फोडली.

चौथ्या पायरीत छापलेलं वजा. त्यावर लाल पेन्सिलीने एक उभी रेघ मारून त्याचं अधिक केलेलं. समासात बाबांचं किरटं, डावीकडे कललेलं अक्षर — "घाई नडली." लहानपणी माझ्या वह्यांवर हाच शेरा असायचा.

तिथेच पाठकोऱ्या कागदावर ताडून पाहिलं. अधिक धरलं की सिद्धता चोख सुटते. पण बंद पानाच्या आत पेन्सिल गेली कशी?

अंक तडक हेडमास्तरांकडे नेला. आता कासातच असतात, थकलेत. चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर मास्तरांचंच वाटतं. पण बाय, बापाचं अक्षर लेकीला काढता येतंच की. पानं बंद होती कशावरून?"

मी खोटारडी? मी? तिथूनच ग्रंथपालांना फोन लावला. "बेन, फोडताना मी नाय बघितलं," ते म्हणाले. "खोटं कसं बोलू?"

म्हणजे एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने फाडला. चार माणसं बसवून ती घडी फोडली असती, तर बाबांचं नाव धुऊन निघालं असतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. राग आहे, आणि तो आता बाबांवरच आहे. एवढं सगळं केलंत ना बाबा… मग तो शेरा बाहेर, मुखपृष्ठावर लिहायला काय झालं होतं?