देवीच्या कोंडातला साहेबाचा मासा

मासे धरण्याला खेळ म्हणतात, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी एका साहेबानं शिकवलं. तोपर्यंत मासे कालवणासाठी असतात आणि देवीच्या कोंडातले, म्हणजे नदीतल्या तिच्या डोहातले, असतील तर हात जोडण्यासाठी, एवढंच मला ठाऊक होतं. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण मी नाते गावच्या शाळेत पोरांकडून घोकून घेत असे. तिचा अर्थ मला त्या साहेबामुळे पक्का समजला.

तिसाव्या सालाच्या आसपासची गोष्ट. साहेब महाबळेश्वरहून पोलादपूरच्या घाटानं उतरला आणि आमच्या गावच्या खोतांच्या पडवीत मुक्कामाला राहिला. बरोबर तीन लांब काठ्या, पत्र्याच्या पेट्या, घडीची खुर्ची, फोटोचं यंत्र आणि एक खानसामा. खोतांना बंदुकीचा परवाना हवा होता, म्हणून ते साहेबावर छत्री धरून मागून चालत. देवीपुढंही मी त्यांना इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, तेही पाच यत्तांचं. दुभाष्या म्हणून बोलावणं आलं तेव्हा मी धुतलेला कोट घालून नवरदेवासारखा गेलो. खोतांना हसायचा मला काडीचा अधिकार नाही, पण हसतो.

साहेबाच्या तोंडी सारखी बेटं. कुठल्या तरी उष्ण समुद्रात ती होती म्हणे. तिथं तो बोटीतल्या खुर्चीला स्वतःला चामड्याच्या पट्ट्यांनी बांधून घेई आणि माणसाहून लांब माशाशी चार-चार तास झुंजे. मग मासा उलटा टांगून त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा. मी विचारलं, तो लागतो कसा खायला? साहेब हसला. म्हणाला, खातो कोण? फोटो झाला की समुद्रात टाकून देतात. मी ते खोतांना मराठीत सांगितलं. “मोठ्या मनाची माणसं,” खोत म्हणाले.

आमच्या कोंडात मोठ्या खवल्यांचे, हातभर लांबीचे मासे होते. साहेब त्यांना महसीर म्हणे. गावचा कोणी परमुलखात गेला की घरच्यांनी त्यातला एक मासा त्याच्या नावचा मानायचा आणि त्याला रोज घास घालायचा, अशी आमच्याकडे रीत. माझी एक विधवा चुलती कोंडाच्या वरच्या अंगाला राहायची. तिचा एकुलता मुलगा मुंबईच्या गोदीतून आगबोटीवर कोळसा टाकायला लागला होता आणि ती बोट तसल्याच बेटांकडे जात असे. साहेब मौजेला जायचा तिथं तो भट्टीपुढं भाजत होता. त्याच्या नावचा मासा म्हणजे शेपटीचा एक कोपरा तुटलेला. काकी रोज सकाळी पाण्यात हात घालून बसे आणि तो तिच्या बोटांतून भाताचा मुटका घेई.

“त्यानं घास घेतला म्हंजे माजा पोरगा जेवला बग,” ती मला म्हणायची. पत्र सहा-सहा महिने येत नसे. तिला दिलासा म्हणून होता तो हाच.

हे देवीचे मासे आहेत, यांना गळ लावत नाहीत, हे साहेबाला सांगायचं काम माझं होतं. खोत म्हणाले, तेवढं सोडून बाकी सगळं सांग. मी तेवढं सोडलं.

साहेब दोन दिवस चकचकीत पत्र्याचं आमिष पाण्यात फिरवत बसला. मासे येत, बघत, निघून जात. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुमचे मासे मठ्ठ आहेत. मला ते लागलं. मी ताठ होऊन म्हणालो, “साहेब, हे मासे फक्त भात खातात.” आयुष्यात न अडखळता बोललेलं माझं ते पहिलं इंग्रजी वाक्य. साहेबानं पाठ थोपटली. सगळ्यात जवळचं घर काकीचं, तिथं मी धावत गेलो.

“भात कुनाला पायजे रे?” तिनं विचारलं.

“देवीच्या माशांना,” मी म्हणालो.

तिनं आनंदानं मुटका वळून दिला. तिच्या हाताच्या वासाला कोण येणार, हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. साहेबाला जेमतेम दहा मिनिटं लागली.

मासा काट्याला टांगला, वजन झालं, फोटो झाला. मग साहेबानं तोंड वाकडं केलं. भातावर धरलेला मासा खेळात धरत नाहीत, असं म्हणाला आणि वहीत काही न लिहिता उठला. मासा खडकावर तसाच पडून राहिला. देवीचा म्हणून गावानं त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी काकी मुटका घेऊन उतरली तेव्हा त्यावर कावळे बसले होते. शेपटी तेवढी शाबूत होती, तुटक्या कोपऱ्यासकट. खोतांना परवाना मिळाला नाही, याचा मला अजून आनंद होतो.

काकीनं घरात भात शिजवायचं सोडलं, नाचणीवर राहू लागली. चार महिन्यांनी मुलाचं पत्र आलं. मी ते घेऊन पळतच गेलो आणि दारातच वाचलं: मी खुशाल आहे, काळजी करू नये, शिमग्याला येतो. तिला विश्वास वाटेना, म्हणून पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

“काकी, खरंच लिहिलंय गो. मी खोटं कशाला सांगू?”

“तवा बी तू खोटं नव्हतास बोलला,” ती म्हणाली. “भात माशांनाच पायजे होता.”

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मग परक्या माणसाकडून ते वाचून घ्यायला ती उन्हातून पायी महाडला गेली.