त्यांना हवी होती ती साक्ष

पाळकसाहेब माझ्यासमोर आले आणि पुढे निघून गेले.

मी चर्चमध्ये वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसले होते. दोन्ही तळहात एकावर एक, पुढे धरलेले. प्रभुभोजनाचा रविवार होता. डाव्या बाजूला आई. तिच्या हातावर भाकरीचा तुकडा पडला. उजव्या बाजूच्या बाईच्या हातावर पडला. मधले माझे हात तसेच राहिले. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. म्हातारे आहेत, चष्मा घसरतो. मग प्याला घेऊन साळवेसाहेब आले. ते आमच्या मंडळीचे पंच. माझ्यापाशी वाकले, प्याला अंगाशी धरला आणि अगदी हळू बोलले, "तुझं थांबवलंय. जागेवर जाऊन बस. तमाशा नको."

उठले. उठले म्हणजे पायच उठले, डोकं तिथेच राहिलं. बाकांच्या मधून चालत मागे गेले. सगळे प्रार्थनेत होते म्हणे. एक डोळा मिटलेला, दुसरा माझ्यावर.

आणि त्या प्याल्यातला रस कुठला, तेही सांगते. निफाडची काळी द्राक्षं. आदल्या दिवशी महिला मंडळाने ती धुवायला आणि देठ काढायला मला बोलावलं होतं. उकळायला बंगलेवाल्या बाया, धुवायला आम्ही. पाटीभर द्राक्षं निवडली तेव्हा माझे हात चालले. प्यायची वेळ आली तेव्हा माझ्यात पाप दिसलं.

पाप काय, तर मी कंपनीच्या गेटवर लाल झेंड्याखाली उभी राहून बोलले होते.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. परमनंट हा शब्द कंपन्यांतून हळूहळू गायब व्हायला लागला होता. साळवेसाहेब चर्चमध्ये पंच, आणि सातपूरच्या एका कंपनीत पर्सोनेल मॅनेजर. त्यांचे आजोबा गोऱ्या साहेबाकडे हेडक्लार्क होते. त्यामुळे बंगला, पियानो, जेवायला काटा-चमचा. आम्ही घोटीकडच्या खेड्यातले. माझा आजा ख्रिस्ती झाला तो गावाबाहेरच्या वस्तीतून. आई मिशनच्या दवाखान्यात झाडूवाली होती, आणि आम्ही चर्चच्या कंपाउंडमधल्या एका खोलीत राहायचो. साळवेसाहेबांच्या बायकोने पहिल्या भेटीत आईला विचारलं होतं, "मूळचे कोण तुम्ही?" जसं काही त्यांचं मूळ जेरुसलेमचं. तेही तिथलेच, आमच्याच वस्तीतले. पण तीन पिढ्यांचं इंग्रजी वर चढवलं की खालचं दिसत नाही.

कंपनीत पॅकिंगला बायका लागल्या की साळवेसाहेब उपासनेनंतर सांगायचे. मग आम्ही पोरी त्यांच्या मागे. मला नोकरी लागली तेव्हा आईने त्यांच्या नावाने उपास केला. केवढे उपकार. पुढे एकदा त्यांच्या केबिनबाहेर उभी होते, तेव्हा ते मालकाला सांगत होते, "आमच्या मुली शांत असतात सर. चर्चमधल्या आहेत. युनियन वगैरे भानगड नाही." मी तिथेच उभी राहून ऐकलं. म्हणजे आम्हाला नोकरी कशाच्या जोरावर मिळाली होती, तर आम्ही तोंड उघडत नाही या जोरावर. रविवारी सकाळी पाळकसाहेबांनी नम्रतेवर बोलायचं आणि सोमवारी साळवेसाहेबांनी ती नम्रता कामाला लावायची, असा तो मेळ होता.

लाइनवर सगळ्या बायका, आणि संडासला जायला एकच बिल्ला. पितळी. सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला. बिल्ला गळ्यात घालून जायचं, येऊन परत टांगायचा. एक गेली की बाकीच्यांनी दाबून बसायचं. ही शक्कल साळवेसाहेबांची. ते तिला शिस्त म्हणायचे. बंगल्यावर त्यांच्याकडे दोन संडास होते, तिथे कुणी गळ्यात काही घालत नव्हतं.

माझ्या शेजारी मंगल बसायची. पेठकडची, डोंगरातली पोरगी, पोटुशी. त्या दिवशी सुपरवायझरने बिल्ला खिशात टाकला होता. मंगलने मागितला. तो म्हणाला, "आधी खोकी संपव." तिने पुन्हा मागितला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मला थांबवत नाय." आणि ती तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या भिजली. खाली फरशीवर ओघळ गेला. तिने तोंड ओढणीत घातलं. सुपरवायझर हसला.

तेवढ्यात साळवेसाहेब राउंडला आले. त्यांनी फरशी बघितली, मंगलला बघितलं नाही. मग मला म्हणाले, "तुझ्या आईला निरोप दे. येऊन पुसून जाईल. तिला सवय आहे."

ते हसत नव्हते. त्यांना तो विनोद वाटलाच नव्हता. त्यांना ती सोय वाटली होती.

मी लाइनचा सरकता पट्टा बंद केला. विचारबिचार काही केला नाही. हात गेला आणि पट्टा थांबला. कारखान्यात पट्टा थांबला की जी शांतता होते ती कुठल्याच चर्चमध्ये होत नाही. एकेक बाई उठून उभी राहिली. आमच्या मंडळीतल्या पोरी मात्र बसून राहिल्या. शांत मुली. त्या संध्याकाळी मी आणि मंगल द्वारका चौकाजवळच्या युनियन ऑफिसात गेलो. पुढच्या आठवड्यात मी गेटवर बोलले. आणि त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या हातावर काही पडलं नाही.

उपासना संपल्यावर मला आतल्या खोलीत बोलावलं. पाळकसाहेब, साळवेसाहेब आणि चहा. चहा मला नव्हता. साळवेसाहेब एकदम मऊ बोलत होते.

"बेटा, तुझ्यावर कुणाचा राग नाही. ते लोक देव मानत नाहीत. तुझा वापर करतायत. पुढच्या रविवारी उभी राहून साक्ष दे. म्हण, मी भटकले होते, प्रभूने मला परत आणलं. संपला विषय. प्रभुभोजनाचं मेज तुला मोकळं."

मग कपातला शेवटचा घोट घेऊन म्हणाले, "आईचं आता वय झालं. खोली मंडळीची आहे, तुला माहीतच आहे."

साक्ष म्हणजे आमच्यात उपासनेत उभं राहून, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली. साक्ष भरकटली की पाळकसाहेब पेटीवाल्याकडे बघतात. पेटीवाला गाणं सुरू करतो. सगळे उभे राहून गातात, आणि साक्ष देणारा आपला आपण खाली बसतो. कुणी कुणाला गप्प बस म्हणत नाही. सभ्य लोक आहेत.

खोलीची भीती आईला होती. मला मेजाची होती. हे कुणाला पटणार नाही, पण खरं तेच आहे. मी लहानपणापासून त्या भाकरीवर वाढले. तो तुकडा हातावर पडला की मला वाटायचं, इथे तरी मी कुणाची तरी आहे. तेच त्यांनी हातात धरलं होतं. त्यांना बरोबर कळलं होतं माझं कुठे दुखतं.

युनियन ऑफिसात जाऊन कॉम्रेडना सांगितलं. हे आमचे कॉम्रेड पुण्याहून शिकून आलेले, भिंतभर पुस्तकं. मला वाटलं, हे तरी हळहळतील. ते खूश झाले.

"फार छान झालं, ताई. आता गेटसभेत हेच सांगा. सांगा की मी धर्म सोडला. बायकांवर जबरदस्त परिणाम होईल."

मी म्हटलं, "मी नाही सोडला."

"मग सोडा ना. अहो, तुमच्यासारख्या लढाऊ बाईला अजून त्या सगळ्या गोष्टी खऱ्या वाटतात?"

त्याच वर्षी गणपतीत निरोप द्यायला मी यांच्या घरी गेले होते. कॉम्रेड उघडेबंब, सोवळं नेसून आरती करत होते. मला बघून जरा ओशाळले. "आईच्या समाधानासाठी करावं लागतं," म्हणाले. म्हणजे त्यांच्या आईचं ते समाधान, आणि माझ्या आईची ती अंधश्रद्धा. त्या माउलीने मला आडनाव विचारलं, मग विचारलं, "मूळचे कोण?" आणि प्रसाद वरून टाकला, हाताला हात न लावता. कॉम्रेडनी ते पाहिलं. ते आरतीचं ताम्हन पुसत राहिले.

मला एकाने देव शिकवला आणि दुसऱ्याने लढाई शिकवली, असं या दोघांनाही वाटतं. वाटू दे. मला दोन्ही एकाच ठिकाणाहून कळलं. ज्याच्यापुढे आम्ही गुडघे टेकतो तो सुताराच्या घरचा. मासे धरणाऱ्यांत बसला. देवळात दुकानं मांडणाऱ्यांवर चाबूक उगारला. मग मोठ्या धर्मवाल्यांनी आणि सरकारने मिळून त्याला खिळे ठोकले. साळवेसाहेबांना त्याच्यातलं नक्की काय आवडतं, ते मला आजतागायत समजलेलं नाही. तो आज कंपनीत कामाला आला तर त्याला पहिल्या महिन्यात काढतील. आणि कॉम्रेड त्याला म्हणतील, बाकी सगळं ठीक आहे हो, पण ते स्वर्गातले वडील वडील जरा कमी करा.

रविवारी आई पहाटेपासून माझ्या मागे. माझी साडी तिने स्वतः इस्त्री केली. म्हणाली, "दोन शब्द बोल, बाय. म्हन चुकले. तोंडाला काय लागतंय? ही खोली गेली तर मी या वयात कुठं जाऊ?" तिचं चुकत नव्हतं. तिने जन्मभर दोन शब्द बोलूनच दिवस काढले होते.

पाळकसाहेबांनी नाव घेतलं. मी उभी राहिले. पुढच्या बाकावर साळवेसाहेब हात बांधून, मागे टेकून बसले.

मी म्हटलं, "माझी साक्ष आहे. देवाने माझ्यासाठी काय केलं, तर त्याने मला मंगलच्या शेजारी बसवलं." आणि मी बिल्ल्याचं सांगितलं. खिळ्याचं सांगितलं. सुपरवायझरच्या खिशाचं सांगितलं. फरशीचं सांगायला लागले तेव्हा पाळकसाहेबांनी पेटीवाल्याकडे बघितलं.

गाणं सुरू झालं. सगळे धडाधड उभे राहिले. इतक्या जोरात आमची मंडळी नाताळातही गात नाही. माझ्या शेजारी आई उभी राहिली, आणि तीही गात होती. मान खाली, डोळे पुस्तकात, पुस्तक तिला वाचता येत नाही. माझ्या आईने माझ्यावर गाणं म्हटलं. त्या दिवशी जेवढं लागलं त्यात सगळ्यात जास्त हे लागलं.

रीतीप्रमाणे मी बसायला हवं होतं. मी बसले नाही. हात बाकावर ठेवून उभी राहिले. गाणं कितीही लांब असलं तरी त्याला शेवटचं कडवं असतंच. ते झालं. लोक बसले. मी उभीच.

"मग साहेब मला म्हणाले, तुझ्या आईला निरोप दे, येऊन पुसून जाईल, तिला सवय आहे."

पेटीवाल्याने घाईघाईने दुसरं गाणं धरलं. परत सगळे उठले. आई उठली नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवून बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. घरी आल्यावरही कितीतरी दिवस बोलली नाही. दुसरं गाणं संपेपर्यंत मी थांबले, आणि साळवेसाहेबांकडे बघून उरलेलं सगळं बोलले. शेवटी आमेन म्हटलं. माझ्याबरोबर कुणीही आमेन म्हटलं नाही.

नोकरी त्याच आठवड्यात गेली. खोली महिन्याभरात. आम्ही सातपूरला पत्र्याच्या खोलीत गेलो. आईने क्रूस तेवढा सामानात न घालता हातात धरून आणला.

मग गेटसभा. कॉम्रेडनी माइकवरून माझी ओळख करून दिली, "या भगिनीने परवा चर्चला लाथ मारली आहे." टाळ्या. मी माइक घेतला आणि म्हटलं, "मी कुणाला लाथ मारलेली नाही. मला त्यांनी हाकललं, ते वेगळं. मी आजही प्रार्थना करून इथे आलेय." कॉम्रेडचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी मूठ वर केली आणि घोषणा सुरू केली. मागून सगळ्यांनी उचलून धरली. तीच युक्ती. पेटी नव्हती, एवढाच फरक.

उभं कसं राहायचं ते मी नुकतंच शिकले होते. घोषणा देणाऱ्यांनाही घसा असतो. ते थांबले, मी बिल्ल्याचं बोलले. बायकांनी ऐकलं. पुढे भांडून तो बिल्ला आम्ही काढायला लावला. आता तिथे कार्ड आहे म्हणतात, मशीनच वेळ मोजतं. म्हणजे भांडण अजून आहेच.

दोन हजार साल आलं, गेलं. पाळक बदलले, कॉम्रेड बदलले. दोन्हीकडून अजून निरोप येतात. एक म्हणतो, झेंडा खाली ठेवा, मेज मोकळं आहे. दुसरा म्हणतो, गळ्यातला तो क्रूस काढा, जिल्हा कमिटीवर घेतो. दोघंही फार प्रेमाने बोलतात. दोघांनाही माझ्याकडून एकच वाक्य हवंय, मी चुकले म्हणून.

मिळणार नाही. भाकर पंचांच्या घरची नाही आणि झेंडा कॉम्रेडच्या घरचा नाही. मी रविवारी चर्चमध्ये जाते आणि सोमवारी गेटवर जाते, आणि दोन्हीकडे पुढच्या रांगेत बसते. कुणाला मला बाहेर काढायचं असेल तर त्याने सगळ्यांसमोर यावं, मोठ्याने कारण सांगावं आणि काढावं. कानाशी वाकून सांगितलेलं मी आता ऐकत नाही.