जिव्हाळी

विज्ञानाच्या बाईंना अख्खी शाळा काबाई म्हणायची. पाठीमागे, अर्थात. शिपाई म्हणाला, नळाला पाणी नाही, की बाई विचारणार, का? एखादं पोर म्हणालं, पोट दुखतंय, तरी का? घंटा जरा उशिरा झाली की बाई जिन्यात थांबून चौकशी करणार. अशा बाईंच्या वर्गात बसणं पोरांना गमतीचं वाटायचं. पण त्याच वर्गात बाईंची स्वतःची मुलगी बसत होती, आणि तिला त्यात काही गंमत वाटत असेल असं तिच्या तोंडावरून दिसत नव्हतं.

लेक नववीत होती. शाळेत "बाई" आणि घरी "आई" हा नियम तिने कधी चुकवला नाही. हल्ली मात्र घरीही तिचं बोलणं आटलं होतं. नखं तेवढी कुरतडत बसायची. "तोंडातलं बोट काढ," असं बाई दिवसातून कितीदा म्हणत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि परवा जेवताना लेकीने एकदम सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी मला मावशीकडे राहून तिथल्या शाळेत जायचंय.

"का?"

"असंच."

जगातल्या कुठल्याही प्रश्नाला 'असंच' हे उत्तर बाईंना चालत नसे. त्या दिवशी चाललं, कारण खरं उत्तर ऐकायची त्यांना भीती वाटली. लेकीला आपली लाज वाटते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. रविवारी मावशी फोन करून विचारणार होती, पोरीला पाठवताय की नाही.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मुलींकडून जप्त केलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, टाकून द्या. बाईंनी त्या टाकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडल्या, शेजारी कापूस ठेवला आणि वर्गाला सांगितलं, रंगवा.

"बाई, हे मुलींचं काम," एक मुलगा म्हणाला.

"नखं फक्त मुलींना असतात का? दाखव बघू हात."

मग काय, सगळेच कामाला लागले. डाव्या हाताच्या नखांवर जी आकृती, तिचं आरशातलं रूप उजव्या हातावर उतरवायचं, ही झाली भूमिती. उजव्या हाताने डावी नखं सगळ्यांना झकास जमली. उजवी रंगवायची वेळ आली तेव्हा डाव्या हातचा मळ म्हणजे नेमकं काय असतं, ते पोरांना कळलं. मघाचाच मुलगा पाच नखांवर अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत चंद्र काढत होता आणि करंगळीवर पूर्ण चंद्र मावेना म्हणून वैतागला होता. तिकडे दोघी मैत्रिणी रंग पाण्याने का जात नाही यावर भांडत होत्या. बाईंनी त्यांना रिमूव्हरचा थेंब देऊन वास घ्यायला लावला, हातावर गार का लागतं ते विचारलं. नखाच्या म्हणी आणि वाक्प्रचार चित्रात काढायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचे, असंही ठरलं. एकीने गळ्यावर टेकलेलं नख इतकं रंगवून काढलं, की तिच्यापासून सगळे जरा सरकूनच बसले.

"नख मेलेलं असतं, म्हणून कापताना दुखत नाही," बाई म्हणाल्या. "पण फार खोल कापलं तर जीव जातो. नखाखालच्या त्या जागेला काय म्हणतात?"

कुणालाच येईना. शेवटच्या बाकावरून लेक म्हणाली, "जिव्हाळी."

"तुला कसं ठाऊक?"

"तिथून रक्त येतं माझं. म्हणून शब्दकोशात बघितलं."

बाई हरखल्या. हा शोध घ्यायचा स्वभाव कुणाचा, ते सांगायला नकोच. फळ्यावर शब्द लिहायला त्या वळल्या, आणि पाठीमागे खसखस पिकली. त्यांनी वळून पाहिलं तर सगळा वर्ग हसू दाबत होता आणि लेकीचं बोट पुन्हा तोंडात होतं.

"बोट काढ," बाई सवयीने म्हणाल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या वर्गात पोरांनी हौसेने रंगवून दिलेली आपली नखं कापसाने पुसत होत्या. समोर लेक बसली होती. दिवसभर फळ्यावरचा तो शब्द बाईंच्या डोक्यातून गेला नव्हता. दुखतं तरी पोर तिथंच चावते. असं कुणी का करील?

"नखं का खातेस गं?"

लेकीने मान वर केली. "हे तू कधी विचारलं नव्हतंस."

"आता विचारते."

ती म्हणाली, "तू फळ्याकडे वळलीस की ती सगळी तुझी नक्कल करतात. मी हसले नाही तर म्हणतात, आईची चमची. आणि मला हसायचं नसतं. तोंडात बोट असलं की हसावं लागत नाही."

बाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला. पोरीला आपली लाज वाटते, असं धरून त्या इतके दिवस रुसल्या होत्या, आणि पोर मात्र बोटं रक्तबंबाळ करून आईची बाजू राखत होती. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

"जा तू मावशीकडे," त्या म्हणाल्या. "मी नाही अडवत."

"मग वर्गात न हसणारं कोण राहील?"

यावर बाईंनी नाक पुसलं आणि थोडा विचार केला. "नक्कल चांगली करतात?"

"एक जण फार चांगली करतो."

"कशी? करून दाखव."

लेक आधी नाहीच म्हणाली. मग उठली, चष्मा कपाळावर चढवल्यासारखं केलं आणि टेबलावर, खिशात, ओट्यावर तोच चष्मा शोधत, हातात खडू असल्यासारखं बोट रोखून एकेका खुर्चीला दटावू लागली. बाई हसत सुटल्या, पोट धरून हसल्या, आणि मग लेकही हसली, दोन्ही हात टेबलावर टेकून.

"उद्या ते हसले की तूही हस," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मला चालेल."

रविवारी मावशीचा फोन लेकीनेच उचलला.

"सुट्टीत येईन गं मावशी, पण राहायला नाही," ती म्हणाली. "आई फळ्याकडे वळली की वर्गात तिच्या बाजूने हसणारं कुणीतरी हवं ना."