कण लागला की दुकान बंद

केकचा क्लास घेणाऱ्या बाईकडे केकपेक्षा किस्सेच जास्त साठतात. केक संध्याकाळपर्यंत संपतो, किस्से मात्र फ्रीजबाहेरही टिकतात! फ्रीगंजात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास चालतो. येणारी मंडळी म्हणजे उज्जैनची जुनी मराठी मंडळी. त्यांना सगळं आधीच येत असतं. मग क्लासला कशाला येतात? तर मी कुठे चुकते ते बघायला!

यातली वृंदा तेवढी खरोखर शिकायला आली होती. घरातल्या समोरच्या खोलीत तिला केकचं छोटंसं दुकान काढायचं होतं. खोली होती सासूबाईंच्या, म्हणजे माईसाहेबांच्या ताब्यात. त्यांचे पूर्वज दरबारात कारकून होते, पण माईसाहेबांचं बोलणं ऐकलं तर वाटावं, गादी यांचीच होती. त्यांनी सुनेला अट घातली, "माझ्या पंचाहत्तरीचा केक तू कर. सगळं गोत जेवायला असेल. आतलं क्रीम आपल्या श्रीखंडासारखं मऊ लागलं तर खोली तुझी. जिभेला कण लागला की दुकान बंद!"

दुकान अजून उघडलंच नव्हतं, बंद करायची तयारी मात्र झाली होती.

*

आमच्या क्लासमधल्या विद्वान म्हणजे जोशी मॅडम. शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "क्रीम गार, भांडं गार. आत भरायचं क्रीम जरा नरमच ठेवायचं. टोक उभं राहून किंचित वाकलं की मशीन बंद करायचं."

"कारण मी सांगते," असं म्हणून मॅडमनी मशीन सुरू केलं आणि लेक्चरही. स्निग्ध पदार्थाचे कण, त्यांची आवरणं, त्यात अडकणारी हवा...

"मॅडम, मशीन!" मी ओरडले.

"एक मिनिट, मुद्दा पूर्ण करू दे."

मुद्दा पूर्ण झाला. भांड्यात एका बाजूला पिवळे गोळे आणि दुसऱ्या बाजूला पाणी.

वृंदा हळूच म्हणाली, "मॅडम, हे तर लोणी झालं."

मॅडम जराही डगमगल्या नाहीत. "थिअरी बरोबर आहे ग! क्रीमला कळली नाही!"

त्या आठवड्यात त्यांच्याकडे वरणभातावर व्हॅनिलाच्या वासाचं तूप होतं. मिस्टर जोशी सज्जन माणूस, दोन वेळा वाढून घेतलं म्हणे.

*

देवधर काका आमच्या क्लासमधले एकमेव पुरुष. रेल्वेतून रिटायर झालेले. केकची आवड वगैरे काही नाही, दुपारी घरात थांबू नका असं काकूंनी बजावलं म्हणून आले. मशीन हातात आलं की काका थेट शेवटच्या नंबरवर.

"काका, मधल्या स्पीडवर ठेवा. जोरात फिरवलं की मोठे बुडबुडे होतात, मग आत भोकं पडतात."

"अहो ताई, आयुष्यभर गाड्या लेट सोडल्या. आता एक तरी काम टाइमाच्या आधी होऊ द्या!"

काम टाइमाच्या आधी झालं. केक कापला तर आतलं क्रीम जाळीदार अनारशासारखं. जोशी मॅडमना आपलं लोणी विसरायला तेवढंच पुरलं. "काका, हे तुम्ही भरलंय की खणलंय?"

"हवा आहे, हवा! पोटाला हलकं पडेल," असं म्हणून काकांनी उरलेला केक ऐटीत काकूंसाठी घरी नेला.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळच्या बॅचलाही यायला लागले.

*

आता वृंदाचं ऐका. मे महिना, उज्जैनचं ऊन. माईसाहेबांनी नमुना मागवला. ऐन वेळेचं दडपण म्हणा किंवा घाई, वृंदानं अननस निथळून न घेताच क्रीममध्ये घातला. क्रीम पातळ झालं. ते घट्ट व्हावं म्हणून तिनं आणखी फिरवलं, तर रवाळ झालं. पातळही आणि रवाळही! एवढं एकाच भांड्यात जमवायला नशीब लागतं.

त्यांचं घर रामघाटाच्या बाजूला. मी डबा धरून तिच्याबरोबर ऑटोत बसले. ऑटोवाला प्रत्येक स्पीडब्रेकर उडवत चाललेला.

"अरे भिया, धीरे चलाओ, केक है!"

"पहले बताना था न मैडम! मैं समझा, सवारी है!"

घरी पोचेपर्यंत वरचा थर डब्याच्या भिंतीला टेकला होता. माईसाहेबांनी झाकण उघडलं. "हा केक आहे की घाटाच्या पायऱ्या?" मग क्रीम बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळलं. "रवा दिसतोय. आधी भाजून घ्यायचास की!"

नणंदा हसल्या. वृंदाही हसली, आणि परतीच्या ऑटोत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला भयंकर राग आला. जन्मात ज्या बाईनं कधी केक केला नाही, ती दुसऱ्याला नापास करत होती!

*

त्यानंतर वृंदा इरेला पेटली. अननसाचा गर चक्क्यासारखा फडक्यात टांगून निथळला. पिठीसाखर चाळून घेतली. भांडं बर्फात ठेवलं. मशीन जरा आधीच थांबवून शेवटचे वळसे हातानं, सपाट चमच्यानं दिले, म्हणजे बुडबुडे दबतात. जमेना, तरी रोज करत राहिली. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची वजनं वाढली.

एक दिवस क्रीम असं उतरलं की देवधर काका उभे राहिले आणि जोशी मॅडम गप्प बसल्या. त्यांना गप्प बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

*

पंचाहत्तरीच्या दिवशी वृंदानं सकाळीच आपल्या घरी क्रीम करून फ्रीजमध्ये ठेवलं, मदतीला मीही तिथेच होते. मी चाखून पाहिलं. जिभेवर ठेवलं आणि विरघळलं. मी म्हटलं, "खोली तुझी झाली समज. जा, अंघोळ करून शालू नेस."

मी वृंदाच्या माडीवरच्या खोलीतून केकचे थर घेऊन खाली आले, तर स्वयंपाकघरात माईसाहेब! नवी पैठणी खोचलेली आणि समोर पुरणयंत्र! फ्रीजमधलं क्रीम त्यांनी आधी रवीनं घुसळलं होतं. ते रवाळ झालं म्हणून आता पुरणयंत्रातून काढत होत्या. खाली पडत होत्या जाडसर, पाणी सुटलेल्या शेवया.

"माईसाहेब, हे काय केलंत!"

"ओरडू नकोस!" त्यांचा चेहरा उतरला होता. "आमच्याकडे श्रीखंड असंच करतात. म्हटलं, चार पाहुण्यांत पोरीची फजिती नको, जरा आणखी सारखं करून ठेवावं..." आणि मग अगदी हळू आवाजात, "हे नीट होईल ना ग?"

या बाईला काही विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगते, राग कुठे गेला कळलंच नाही. मी थोडं न फेटलेलं गार क्रीम त्यात घातलं आणि हलक्या हातानं वळवत राहिले. बरंचसं सावरलं, सगळं नाही. वृंदा यायच्या आत मीच ते थरांत भरून केक वरून झाकून टाकला.

दुपारी केक कापला. सगळं गोत ताटल्या घेऊन बसलेलं. पहिला घास घेतला माईसाहेबांच्या धाकट्या भावानं. त्यांनी जीभ टाळूवर फिरवली, डोळे मिटले, पुन्हा फिरवली.

"ताई, कण लागून राहिला बरं का!"

हातातले चमचे थांबले. नणंदांनी एकमेकींकडे पाहिलं. वृंदाचा चेहरा पांढरा पडला. तिला बिचारीला कळेचना, सकाळचं जिभेवर विरघळणारं क्रीम दुपारी असं कसं झालं. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी माझ्या ताटलीकडे.

माईसाहेबांनी घास घेतला. सावकाश घोळवला. गिळला. पदर सारखा केला.

"कण? सकाळच्या पोह्यांवरची शेव अडकली असेल तुझ्या कवळीत! वृंदा, समोरची खोली उद्यापासून तुझी. आणि याला दुसरा तुकडा देऊ नकोस!"